तडीस नेणे

माझी नात पुण्यास कायद्याचा अभ्यास करते. सुट्टीत ती कर्जतला आली म्हणजे तिच्याबरोबर जाड पुस्तकांचे एक बोचके येते आणि त्या पुस्तकांतून निघालेल्या शंकांचे दुसरे. मी 34 वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. तेव्हा शंकांचे बोचके माझ्यापुढे सोडावयाचे हा तिचा हक्कच आहे, आणि खरे सांगावयाचे तर त्या हक्काचा मला मोठा अभिमान वाटतो. गेल्या मे महिन्यात एका दुपारी ती ओटीवर वाचीत बसली होती. उकाडा मनस्वी होता. मी डोळे मिटून पडलो होतो, निजलो नव्हतो. इतक्यात तिचा प्रश्न आला.

“आजोबा, 'पर्पेट्रेट' ह्या क्रियापदाला मराठीत नेमका शब्द कोणता?”

“करणे,” मी डोळे न उघडता म्हणालो. “गुन्हा करणे, दुष्कृत्य करणे.”

“पण 'करणे' तर आपण स्वयंपाकालाही म्हणतो आणि नमस्कारालाही. हा शब्द फक्त वाईटच कृत्याला लावतात. असा एकच शब्द आपल्यात नाही?”

मी उठून बसलो. इतकी वर्षे वर्गात मी हे क्रियापद फळ्यावर लिहिले होते, त्याची रूपे चालविली होती, वाक्यात उपयोग करून दाखविले होते. परंतु त्याचे कूळ कोणते हे मला कोणी विचारले नव्हते, आणि मीही आपण होऊन कधी पाहिले नव्हते. शिक्षकाच्या अज्ञानावर विद्यार्थ्यांच्या भिडस्तपणाचे पांघरूण असते, ते हे असे. कपाटातले जुने कोश काढले, त्यांवरची धूळ झटकली, आणि आजोबा व नात अशी आम्ही दोघे त्या शब्दाच्या मागावर निघालो.

शब्द मूळचा लॅटिन. त्यातील 'पेर' ह्या उपसर्गाचा अर्थ पूर्णपणे, शेवटपर्यंत; आणि 'पात्रारे' ह्या धातूचा अर्थ घडवून आणणे, सिद्धीस नेणे. म्हणजे सबंध शब्दाचा अर्थ झाला, एखादी गोष्ट तडीस नेणे. ह्यात पाप कोठे आले? कोठेच नाही. रोमन मनुष्य एखादे सत्कृत्यही ह्याच क्रियापदाने तडीस नेई आणि दुष्कृत्यही. इंग्रजीत हा शब्द 16 व्या शतकात आला तो मुख्यतः कायद्याच्या भाषेतून. कायद्यात जी कृत्ये नोंदली जातात ती बहुधा अपराधांचीच; तेव्हा त्यांच्या सहवासात राहून राहून हा निरपराध शब्दही अपराध्यांतला झाला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, म्हणजे वाण नाही तरी गुण लागावयाचाच. ह्याच धातूचा एक भाऊ इंग्रजीत आहे, 'इंपेट्रेट' नावाचा. त्याचा अर्थ विनवणी करून मिळविणे, आणि तो बहुधा प्रार्थनेच्या संदर्भात येतो. एक भाऊ देवळात गेला, दुसरा तुरुंगात. घराणे मात्र एकच!

परंतु आम्हां दोघांना खरे नवल वाटले ते पुढे. 'पात्रारे' हा धातू 'पातेर' म्हणजे पिता ह्या शब्दापासून निघाला असावा असे व्युत्पत्तिकार म्हणतात. हा 'पातेर' आपल्या 'पितृ' शब्दाचा सख्खा भाऊ. घरातील जे कार्य कुलपित्याच्या हातून यथासांग पार पडावयाचे, ते पार पाडणे, असा काहीसा मूळ अर्थ असावा. रोमन लोकांत परराष्ट्राशी तह करावयाचा झाला म्हणजे शपथ उच्चारून तो तह पक्का करणारा एक पुरोहित असे. त्याची पदवी 'पातेर पात्रातुस' अशी होती. करार वाचून दाखवावयाचा आणि तो पुरा करावयाचा हे त्याचे काम.

“म्हणजे गुन्हा करण्याच्या शब्दात बाप दडला आहे!” नात हसून म्हणाली.

मीही हसलो. परंतु ते हसू ओठांच्या आत कोठेतरी अडकले. ते का, हे पुढे सांगावयाचेच आहे.

मग आम्ही आपल्या शब्दांकडे वळलो. 'गुन्हा' हा फारसीचा पाहुणा. 'पातक' म्हणजे जे माणसाला पाडते ते. आणि 'अपराध'? ह्यात 'राध्' हा धातू आहे. त्याचा अर्थ साधणे, सिद्धीस जाणे. आणि 'अप' म्हणजे दूर, बाजूला. नेम चुकणे हा त्याचा एक जुना अर्थ. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला संस्कृतात 'अपराद्धपृषत्क' असे भारदस्त नाव आहे. मौज अशी की, इंग्रजीच्या त्या शब्दात दुष्कृत्य म्हणजे पूर्ण साधलेले काम, आणि आपल्या शब्दात अपराध म्हणजे साधता साधता हुकलेले काम! आपला अपराधी हा नेम चुकलेला मनुष्य. त्यांचा अपराधी नेम बरोबर लागलेला.

“आपली दृष्टी अधिक दयाळू आहे,” नात म्हणाली.

“अधिक सोयीचीही आहे,” मी म्हणालो.

एखाद्या कृत्याला कोणते क्रियापद लावावयाचे हे कृत्यावर अवलंबून नसते; ते लावणाऱ्याच्या हातात लेखणी कोणाची आहे ह्यावर असते. ह्याचे उदाहरण शोधावयास आम्हां कर्जतकरांना लांब जावे लागत नाही. 1915 साली खोपोलीस आणि 1922 साली भिवपुरीस टाटांची विजेची केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली उतरवावयाचे, त्यावर चक्रे फिरवावयाची, आणि निघालेली वीज लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना पोहोचवावयाची, अशी ती योजना. तारा गेल्या त्या आमच्या भातखाचरांवरून. खाचरे कसणाऱ्यांच्या झोपडीत मात्र रॉकेलची चिमणीच राहिली. 1942 साली माथेरानचे भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने हे मनोरे पाडावयास आरंभ केला. मनोरा पडला की गिरणी थांबावयाची, आणि गिरणी थांबली की युद्धाच्या मालाचा पुरवठा अडावयाचा, असा त्यांचा हिशेब होता. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे धारातीर्थी पडले.

सरकारी दप्तरात हे मनोरे पाडणे म्हणजे अत्याचार, आणि ते पाडणारे म्हणजे गुन्हेगार. आज त्याच कृत्यासाठी दादरच्या एका उद्यानाला कोतवालांचे नाव आहे आणि दर वर्षी सिद्धगडावर लोक माथा टेकावयास जातात. मनोरा तोच, करवत तीच, रात्र तीच. क्रियापद तेवढे पालटले. लॅटिन माणसाने मात्र दोन्ही दप्तरांत एकच शब्द घातला असता: तडीस नेले.

मनोरे पडले त्या वर्षीचा माझा जन्म. त्यामुळे कोतवालांच्या कथा मी पाळण्यातल्या गाण्यांसारख्या ऐकल्या, आणि त्या सांगणारे होते माझे वडील. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. मनोरा कोसळतानाचा आवाज ते तोंडाने काढून दाखवीत. त्या वेळी त्यांचे डोळे लकाकत. कोतवालांच्या आयुष्याचा एक भाग मात्र ते क्वचितच सांगत, आणि सांगितला तर दोन वाक्यांत आटोपीत. तो भाग धान्याचा. मनोरे पाडण्यापूर्वी, कायदा शिकून आलेल्या ह्या तरुणाने आदिवासी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उघडल्या होत्या. पावसाळ्यात ठाकूर-कातकऱ्यांच्या घरचे धान्य संपे. मग ते सावकाराकडून खावटी उचलीत, आणि पीक आले की वाढीदिढीने फेडीत. एका मणाचा दीड मण. फिटले नाही तर पुढल्या वर्षी दीड मणावर पुन्हा दिढी. ह्या चरकातून माणसे सुटावीत म्हणून कोतवालांनी धान्य साठवून ते रास्त बोलीने देण्याची व्यवस्था केली.

अप्पा हा भाग का गाळीत हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. आमच्या घरीही खावटी दिली जात असे.

अप्पा दुष्ट होते असे कोणी समजू नये. त्यांनी जन्मात कोणाला शिवी दिली नाही. बाजारात कोणाचे चार आणे अधिक आले तर ते परत करावयास दोन मैल चालत गेले असते. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि तो त्यांनी दरडावून मिळविलेला नव्हता. म्हणूनच ही गोष्ट सांगणे अवघड आहे. दुष्ट बापाची गोष्ट सांगणे सोपे असते.

खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, आमची काही जमीन आहे. थोडे भाताचे, बाकी नाचणी-वरीचे वरकस. ती जमीन आमच्या पूर्वजांची नव्हे. आमच्या घरात तिचा विषय निघाला म्हणजे एकच वाक्य बोलले जाते: “1953 साली ती जमीन आपल्याकडे आली.” मी हे वाक्य आईच्या तोंडून ऐकले, काकांच्या तोंडून ऐकले, आणि मुलाला सांगताना ते मी स्वतः उच्चारले. जमीन आली! जणू काय पावसाळ्यातील वहाळासारखी ती डोंगरावरून आपली आपण वाहत आमच्या अंगणात आली.

मराठीच्या शिक्षकाने मुलांना जी सूक्ष्म गोष्ट शिकवावयास हवी ती मला ह्या वाक्याने शिकविली. आपल्या भूतकाळाची मोठी गंमत आहे. 'अप्पांनी जमीन घेतली' ह्या वाक्यात 'घेतली' हे क्रियापद अप्पांच्या लिंगवचनाप्रमाणे चालत नाही; ते जमिनीच्या मागे जाते. म्हणून कर्ता पुसून टाकला तरी क्रियापदाला त्याचा पत्ताही लागत नाही. 'जमीन घेतली' हे वाक्य पूर्वीइतकेच धडधाकट उभे राहते. त्याहून पुढची पायरी म्हणजे 'जमीन आली'. येथे तर कर्त्याची जागाच नाहीशी होते. काच फुटते, दूध उतू जाते, पैसे खर्च होतात, आणि चूक हातून घडते. हात आपला असतो, परंतु आपण तेथे नसतो. इंग्रजीतही कर्ता लपविता येतो, नाही असे नाही. साहेबाने तर ह्या कलेत मोठेच प्रावीण्य मिळविले होते. पण आपल्याकडे त्यासाठी कसब लागत नाही. नुसते घरात जन्मावे लागते. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. ही अकर्तृक वाक्ये बहुधा आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या घरांच्या वाट्याला येतात. वाडीवरच्या माणसाने रानातून मोळी आणली तर तेथे कर्ता, त्याच्या बापाचे नाव, वय, धंदा, राहणार कोठला, सारे काही तपशीलवार नोंदले जाते.

तेव्हा त्या जमिनीचे वाक्य कर्त्यासह लिहावयाचे तर ते असे लिहावे लागेल.

1953 साली मी 11 वर्षांचा होतो. माझे वाचन खणखणीत आहे असे अप्पा पाहुण्यांना कौतुकाने सांगत. एके सकाळी एक ठाकूर म्हातारा आमच्या ओटीवर येऊन बसला. त्याच्यावर दोन-तीन सालांची खावटी थकली होती. अप्पांनी कागद तयार करून आणला होता. म्हाताऱ्याची समजूत अशी की जमीन नजरगहाण राहणार, आपण कसावयाची, आणि भात फिटले की कागद परत. अप्पांनी कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “ह्यांना वाचून दाखव.” मी वाचू लागलो. गावाचे नाव, चतुःसीमा, धान्याचा हिशेब. मग अप्पांनी आपले बोट कागदावर ठेवले.

“इथपर्यंत पुरे. पुढे सगळी कायद्याची भाषा असते.”

बोटाखाली जी ओळ होती तिच्यात 'कायम खरेदी' असे शब्द होते. गहाण आणि खरेदी ह्यांतला फरक मला ठाऊक होता. सावकारी घरातल्या पोराला तो पाढ्यांबरोबरच येतो. म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, “पोरा, आजून काय लिवलंय?” मी अप्पांकडे पाहिले. ते रागावलेले नव्हते. ते नेहमीसारखेच शांत होते. मी म्हणालो, “नेहमीचंच.” म्हाताऱ्याने अंगठा उठविला. पुढचे सगळे रीतसर झाले.

पुढच्या वर्षी पीक बरे आले. म्हातारा डोक्यावर भाताचे पोते घेऊन आला. मागे त्याच्या मुलाच्या डोक्यावर दुसरे. अप्पांनी त्याला सौम्य शब्दांत समजावून सांगितले की जमीन आता विकली गेली आहे, आणि हे भात तर मागील बाकीतच जाईल. म्हातारा अप्पांशी भांडला नाही. तो माझ्याकडे वळला.

“तू वाचलं व्हतंस ना?”

मी म्हणालो, “हो.”

एवढेच. त्या दिवसानंतर मी त्याला पाहिले नाही.

आता ते लॅटिन क्रियापद मला ओठांत का अडकले हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्यातला बाप मी ओळखला होता, आणि त्यातला 'शेवटपर्यंत' हा उपसर्गही. अप्पांनी आरंभ केला. तडीस मी नेले. अर्धवट वाचलेल्या कागदावर पूर्णपणाची मोहर माझ्या खणखणीत आवाजाने उठली. कागद लिहिणारे अप्पा, बोट ठेवणारे अप्पा, आणि 'हो' म्हणणारा मी. माझा नेम चुकला नव्हता. ज्या ओळीवर थांबावयाचे त्याच ओळीवर मी थांबलो होतो.

हे सारे मी त्या दुपारी नातीला सांगितले. 70 वर्षांत प्रथमच. ती काही वेळ बोलली नाही. मग तिच्यातली वकील जागी झाली. ती म्हणाली, “आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा 1974 चा आहे. पण तो 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 ह्या काळातल्या व्यवहारांना लागू होतो. आपला व्यवहार 1953 चा. त्या कायद्याने तो उलटत नाही.”

“म्हणजे आपण निर्दोष?”

“त्या कायद्याच्या तारखांबाहेर, एवढंच,” ती म्हणाली. मला तिचे उत्तर आवडले. 34 वर्षे शब्दांचे अर्थ सांगत आलो. परंतु ह्या दोन गोष्टींतले अंतर इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते.

रात्री हा विषय मुलापाशी काढला. तो भला मनुष्य आहे, आजोबांवर गेला आहे. तो म्हणाला, “बाबा, झाले ते झाले. आज त्या भागात जमिनीचे भाव कोठे गेले आहेत हे ठाऊक आहे ना? आणि अप्पांचे नाव आता कशाला काढायचे?” त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याला शहरातल्या लोकांची विश्रांतीची घरे उठली आहेत. दलाल महिन्यातून एकदा तरी दार ठोठावतो. त्या म्हाताऱ्याचा नातू त्यांतल्याच एका बंगल्याची राखण करतो, हे मला कधीचे ठाऊक होते. मी मुलाला एवढेच म्हणालो, “झाले ते झाले, हे वाक्य तपासून पाहा. त्यात कर्ता नाही.”

तो गप्प राहिला. आमचा वाद मिटलेला नाही, आणि एका बैठकीत तो मिटेल असेही नाही. जमिनीवर माझ्या एकट्याचे नाव नाही. माझा हिस्सा मात्र माझा आहे, आणि तो बक्षीसपत्राने परत देता येईल का, हे पाहण्याचे काम मी नातीवर सोपविले आहे. ती आपल्या गुरुजनांना विचारून सांगणार आहे. परंतु एक काम असे होते की त्यासाठी कोणाच्या संमतीची वा सल्ल्याची गरज नव्हती.

गेल्या रविवारी मी पेटीतून तो कागद काढला. घड्यांवर तो फाटू लागला आहे. नातीला बरोबर घेतले आणि खालापूरकडील त्या बंगल्याच्या फाटकापाशी गेलो. राखणदार पन्नाशीचा गृहस्थ. मी कोण हे सांगितले तेव्हा त्याने टोपी सारखी केली आणि बसावयास खुर्ची आणली. मी त्याला विचारले, “तुमच्या आजोबांचा एक कागद माझ्याजवळ आहे. वाचून दाखवू का?”

तो म्हणाला, “मला वाचता येतं, गुरुजी.”

मी कागद त्याच्या हाती दिला. तो हळूहळू वाचू लागला. गावाचे नाव, चतुःसीमा, धान्याचा हिशेब. त्या ओळीपाशी आला तेव्हा मी बोट ठेवून म्हणालो, “तुमच्या आजोबांना मी इथपर्यंतच वाचून दाखविलं. पुढचं मी वाचलं नाही.” आणि बोट काढून घेतले.

त्याने पुढचे वाचले.